अनुमोदन

"दो-न-च-का?" बेकरीतल्या पोरीनं काउंटरवरून पुढं वाकून एकेक अक्षर सुटं सुटं करत विचारलं, आणि वर दोन बोटं त्याच्या नाकासमोर नाचवली. ट्रेव्हर ओल्डरॉइड दर शनिवारी सकाळी याच बेकरीतून दोन ब्रेडकेक, म्हणजे मऊ गोल पाव, आणि मांस भरलेला एक पोर्क पाय नेत आला होता, आणि आजवर या पोरीनं मान वर करून त्याच्याकडं धड पाहिलंही नव्हतं. आज मात्र तिच्या डोळ्यांत दया होती. रांगेत त्याच्या मागं उभ्या असलेल्या बाईनं तिला समजावलं, "ओरडू नकोस गं बाई, नुसतं तोंडासमोर बोल, ओठ दिसले की झालं. आमच्या सासऱ्यांचं असंच होतं." मग तिच्या मागच्या कुणीतरी हलक्या आवाजात विचारलं, "हाच ना तो? परवा सभेत ज्याला काही ऐकूच आलं नाही?" आणि आणखी हलक्या आवाजात उत्तर आलं, "हो, बिचारा. जन्मभर घणाखाली काम केलेला माणूस." ट्रेव्हरनं यातला शब्द न् शब्द ऐकला. ऐकून न ऐकल्यासारखा चेहरा करायला त्याला काही कष्ट पडले नाहीत, आणि त्याचीच त्याला शिसारी आली. त्यानं दोन बोटं वर करून दाखवली, पोरगी खूश होऊन हसली, आणि पोर्क पाय थोडा मोठाच निवडून तिनं पिशवीत घातला.

चढावरून घरी जाताना त्याला सगळं ऐकू येत होतं. खालच्या वळणावर ट्रॅम चाकं करकरत वळली ते, कुणाच्या तरी स्वयंपाकघरातला रेडिओ, स्वतःच्या गुडघ्यातली कुरकुर, पिशवीतल्या कागदाची चुरचूर. वसंतात इस्पितळानं दिलेली कानातली नवी यंत्रं भलतीच चांगली निघाली होती. आधीच्या यंत्रांत सगळं जग डब्यात बसून बोलल्यासारखं वाटायचं. यांत तसं काही नव्हतं. पहिल्या दिवशी तर स्वतःचाच श्वास ऐकून तो दचकला होता, आणि त्याची बायको डोरीन असती तर तिला म्हटलं असतं की बाई, आता डाव्या बाजूनं चालायची गरज नाही, कुठूनही बोल. डोरीन जाऊन चार वर्षं झाली होती. आता असं बोलायला उरली होती एक ग्लेनिसच, आणि ग्लेनिसचा विचार मनात येताच तो एका फाटकाला हात लावून थांबला. दम लागला असंच बघणाऱ्याला वाटलं असतं. दम लागला नव्हता. गुरुवारची ती खोली पुन्हा डोळ्यांसमोर आली होती, आणि ती आली की पाय पुढं टाकायची लाज वाटायची, जणू रस्त्यावरच्या प्रत्येक खिडकीला ते ठाऊक होतं.

क्लबच्या वरच्या मजल्यावरची ती खोली. भिंतीवर युनियनचं जुनं रेशमी निशाण, कोपऱ्यात चहाचा मोठा बंब, लवकर येणाऱ्यांनी पकडलेल्या मागच्या खुर्च्या. पक्षाच्या नेतेपदाची निवडणूक लागली होती. सरकारात बसलेल्या नेत्याला त्याच्याच पक्षातल्या डाव्या मंडळींनी आव्हान दिलं होतं, आणि त्यांची उमेदवार होती मार्था किन्सेला, गोदीतल्या मजुराची मुलगी, आवाज घोगरा, बोलणं सडेतोड. ठरावीक इतक्या मतदारसंघांतल्या शाखांनी तिचं नाव पुढं केलं तरच ते मतपत्रिकेवर चढणार होतं, आणि तिला एकच शाखा कमी पडत होती. ही शाखा आपलीच, असं ग्लेनिस हॉयल धरून चालली होती. नाव ती मांडणार आणि अनुमोदन ट्रेव्हर देणार, हे तिच्या स्वयंपाकघरात चहावर ठरलं होतं. ठरलं म्हणजे काय, तिनं विचारलंसुद्धा नव्हतं. "तू आहेसच," एवढंच म्हणाली होती. सकाळी दाढी करताना त्यानं आरशासमोर तीनचार वाक्यं म्हणूनही पाहिली होती. घरं, पाणी, रेल्वे, आणि शेवटी 'आपण कुणाचे आहोत हे विसरू नका'. ते शेवटचं वाक्य त्याचं त्यालाच फार आवडलं होतं.

आणि मग ती टॅमसिन येऊन शेजारी बसली. विभागीय कार्यालयातून सभेवर लक्ष ठेवायला पाठवलेली, तिशीतली, हसरी, हातात त्याच्यासाठी चहा. न विचारता दोन चमचे साखर घातलेली. कुणाला तरी विचारून आली असणार. "तुम्हीच ना ट्रेव्हर? मला तुम्हालाच भेटायचं होतं. पुढच्या महिन्यात नेते इथं येताहेत, जुन्या फोर्जमध्ये. मला त्यांच्या शेजारी कोट घातलेले लोक नकोत. घणावर काम केलेला खरा माणूस हवाय. तुमच्यासारखा. हा पक्ष तुमच्यासारख्यांनीच तर उभा केलाय." बस, एवढंच. ना पद, ना पैसा, ना धमकी. पुढं किती वेळा त्यानं ते उलटंसुलटं करून पाहिलं. एखादी मोठी लालूच सापडली असती तर बरं झालं असतं. पण सापडायचा तो एवढाच फोटो. त्या फोटोत तो उभा होता, टोपी हातात, आणि देशाचा पंतप्रधान त्याच्याकडं वाकून काहीतरी विचारत होता, आणि हे चित्र मनात पुरतं रंगायच्या आत समोर ग्लेनिस उठून मार्था किन्सेलाचं नाव मांडून खाली बसलीसुद्धा होती. अध्यक्ष कॉलिन म्हणाला, "अनुमोदन?" चहावर साय धरली होती. ट्रेव्हर त्या सायीकडं बघत राहिला. कॉलिननं चष्म्यावरून सगळीकडं पाहिलं, आणि तो माणूस पोटातून भला असल्यामुळं त्यानं पुन्हा एकदा, चांगलं घसा खाकरून, मोठ्यानं विचारलं, "मार्था किन्सेला यांच्या नावाला कुणाचं अनुमोदन आहे का?" शेजारी टॅमसिनच्या घड्याळाची टिकटिकसुद्धा ट्रेव्हरला ऐकू आली. हात मांडीवर होता. तो जड झाला होता असं नाही, कुणी धरला होता असंही नाही. नुसता होता. "अनुमोदन नाही. नाव बाद," कॉलिन म्हणाला, आणि पुढच्या रांगेतून ग्लेनिस मागं वळली.

त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर राग असता तर आज तो बेकरीतून मोठा पोर्क पाय घेऊन येत नसता. राग नव्हता. काळजी होती. तिनं भुवया वर करून स्वतःच्या कानावर बोट ठेवलं, म्हणजे, ऐकू नाही आलं का रे? आणि मघाशी वर जायला हवा होता तोच हात आता आपणहून उठला, कानाकडं गेला, त्यानं यंत्रावर टिचकी मारली, आणि ट्रेव्हरनं मान हलवली. बॅटरी गेली. किती सहज झालं ते! कसलेल्या नटाला जमलं नसतं. खोलीभर 'अरेरे' असा आवाज झाला, आणि तोही त्याला ऐकू आला.

घरी येऊन त्यानं पोर्क पाय बशीत काढला आणि खाल्ला नाही. कानांचा विचार करत खुर्चीत बसून राहिला. हे कान तसे ग्लेनिसचेच होते. ती बफर म्हणून चाकूसुऱ्या घासायच्या कारखान्यात लागली, कागदाचा एप्रन बांधून, नाकातोंडात काळी धूळ. तिथून युनियनमध्ये गेली आणि फोर्जमधल्या घणांच्या आवाजानं बहिऱ्या झालेल्या माणसांचे भरपाईचे दावे तिनं हातात घेतले. मालक लोक म्हणत, हे सोंग आहे. म्हणून त्यांनी एक डॉक्टर ठेवला होता. तो तपासणी झाल्यावर हातातल्या पॅडवर काहीतरी लिहीत माणसाच्या पाठीमागं जायचा आणि तिथून हळूच म्हणायचा, "बुटाची नाडी सुटलीय तुमची." माणसानं खाली पाहिलं की दावा बुडाला. ट्रेव्हरनं पाहिलं नव्हतं. कारण त्याला खरंच ऐकू आलं नव्हतं. तो समोरच्या कॅलेंडरवरच्या घोड्याकडं बघत उभा होता. दार उघडं होतं आणि ग्लेनिसनं ते सगळं पाहिलं. ती आत आली आणि डॉक्टरला म्हणाली, "माणसाला आधी बहिरा करायचा आणि वर त्यालाच चोर ठरवून तपासायचा? शिकून हेच शिकलात?" आणि मग बाहेर जिन्यावर बसून ती, जी बाई संपात पोलिसांच्या घोड्यांपुढं रडली नाही, ती ढसाढसा रडली. "तुला खरंच नाही रे ऐकू आलं," एवढंच म्हणत होती. तो तेव्हा बत्तीस वर्षांचा होता. लाज वाटली होती तेव्हाही, आपण बहिरे आहोत याची. ती म्हणाली होती, "लाज तू नाही बाळगायची, ट्रेव्ह. ती त्यांनी बाळगायची." आता ती लाज इतक्या वर्षांनी फिरून खऱ्या मालकाकडं आली होती.

दुपारी ग्लेनिस दारात. हातात पार्किनचा, आल्याच्या केकचा, डबा, बॅटऱ्यांची चार पाकिटं, डोक्यावर हिवाळाउन्हाळा तीच लाल लोकरी टोपी. ती ओरडायला लागायच्या आत त्यानं तिला आत घेतलं.

"वाक," ती म्हणाली. "अरे, वाक जरा, लांबुडक्या. डावं दे आधी." स्वतः त्याच्या कानातून यंत्र काढून, चष्मा नाकाच्या टोकावर आणून तिनं बॅटरी बदलली. तिच्या बोटांना साबणाचा आणि आल्याचा वास येत होता. "आता? येतंय?"

"येतंय."

"मग ऐक. बस खाली, उभ्यानं ऐकायची गोष्ट नाही. मी तक्रार केली."

"कसली?"

"कसली म्हणजे? तुझी! वरच्या लोकांना सांगितलं, माझ्या सभेत एका अपंग सभासदाला भाग घेता आला नाही. माइक नीट नाही, कान असणाऱ्यांसाठीच सगळं चाललंय. त्यांचे चेहरे बघायला हवे होतेस. नियम त्यांचाच, त्यांनीच छापलेला. मंगळवारी संध्याकाळी सभा पुन्हा. बुधवारी दुपारी मुदत संपते. म्हणजे आपण बसतो आत!" ती खुर्चीत मागं रेलून हसली, वरचे दात थोडे हलले. "मार्थाचा फोन आला होता मला. स्वतः. म्हणाली, तुमच्या त्या मित्राला माझा नमस्कार सांगा. फोर्जमधल्या त्या घणवाल्यानं तिकडं नेत्याची झोप उडवलीय बघ."

"ग्लेनिस..."

"तू काही करायचं नाहीस. कॉलिन विचारेल, गुरुवारी तुम्हाला ऐकू आलं नव्हतं का? तू म्हणायचं, नव्हतं. तेवढं त्यांना तुझ्या तोंडून हवंय. मग मी नाव मांडते, तू हात वर कर. पार्किन खा. तोंड कसलं पाडून बसलायस?"

त्यानं पार्किन खाल्लं. चांगलं चिकट, कालचंच केलेलं. सांगायची वेळ तीच होती. खोलीत दोघंच होते, ती खुशीत होती, आणि एरवी तिनं त्याला आजवर काय काय माफ केलं नव्हतं? पण सांगितलं की सभा रद्द, मार्थाचं नाव कायमचं बाद, आणि समोरचं हे हसू बाद. न सांगितलं तर एक 'नव्हतं' म्हणायचं, आणि ज्या कामासाठी हात उठला नाही ते काम होऊन जाईल. किती सोयीचं! खोटं बोलणं हेच आता पक्षाचं, ग्लेनिसचं, सगळ्या गरिबांचं काम होऊन बसलं होतं. ट्रेव्हरला हसू आलं आणि ग्लेनिसला वाटलं, तो मार्थाच्या नमस्कारानं सुखावला.

रविवार, सोमवार त्यानं स्वतःशी हुज्जत घालण्यात घालवले. कधी वाटे, लाज ही तरी कुणाच्या उपयोगाची? तिचं कुणाला घर मिळतं का? 'नव्हतं' म्हण आणि मोकळा हो. कधी वाटे, मोकळा कसला. मग मरेपर्यंत बेकरीत दोन बोटं दाखवत उभं राहावं लागेल. चर्चच्या दारात पाद्री त्याच्या तोंडाजवळ तोंड आणून "क-से-आ-हा-त?" म्हणाला, तेव्हा त्याला त्याच्या दाढीतले पावाचे कण दिसले आणि धावत सुटावंसं वाटलं. टॅमसिनचा निरोप आला होता, की तब्येतीची काळजी घ्या, फोटोचं आपण बघू. म्हणजे फोटोही गेला. एका फोटोपायी गेलं सगळं आणि फोटोही गेला, याचं त्याला क्षणभर खरोखर वाईट वाटलं, आणि ते वाईट वाटलं हे लक्षात आल्यावर तो स्वयंपाकघरात उभ्या उभ्या एकटाच लालबुंद झाला.

मंगळवारी तो लवकर गेला. ग्लेनिस आधीच वर खुर्च्या मांडत होती. दोघांनी मिळून रांगा लावल्या, जन्मभर लावत आले होते तशा. ती एका टोकाकडून, तो दुसऱ्या. निशाणाखाली टेबल सरकवलं. बंब लावला. ती सारखी बोलत होती, खुशीत असली की तिचं असंच. कोण येणार, कोण गेल्या वेळी घाबरून गप्प बसलं आणि आज नाही बसणार. "आणि हा कॉलिन," कप मांडता मांडता ती म्हणाली, "याला तर मी बोलणारच आहे. विचारायची पद्धत असते काही. मिशीतल्या मिशीत एकदा पुटपुटला न् लगेच नाव बाद. तुझ्याजागी चांगल्या कानाचा असता तरी त्याला ऐकू आलं नसतं."

"नाही गं, त्याला कशाला बोलतेस," ट्रेव्हर म्हणाला. "दोनदा विचारलं त्यानं. दुसऱ्यांदा तर घसा खाकरून, चांगलं मोठ्यानं."

हे तो पुरतं बोलून गेला. कुणाच्या माथी नसता दोष येऊ द्यायचा नाही, ही सवयच होती त्याची. फोर्जमध्येही फोरमनशी भांडताना फोरमनची बाजू आधी तोच सांगायचा, आणि ग्लेनिस त्याला त्यावरून चिडवायची. बंब गुणगुणत होता. ग्लेनिसच्या हातात एक कप होता. तो तिनं बशीवर ठेवला, कान बरोबर उजवीकडं येईल असा फिरवला, मग दुसरा ठेवला, तोही फिरवला. तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही. तिची मान मात्र हळूहळू खाली गेली, आणि त्या लाल टोपीखाली ती एकदम फार म्हातारी दिसायला लागली. त्याला वाटलं आता ती विचारेल, का? तिनं विचारावं म्हणून तो अक्षरशः आसुसला होता. तिनं चमचे मोजून घेतले, म्हणाली, "साखर खालून आणावी लागेल," आणि जिना उतरून गेली. ती वर आली तेव्हा तिच्याबरोबर कॉलिन होता, टॅमसिन होती, आणि मागोमाग माणसं यायला लागली होती.

खोली भरली. गुरुवारपेक्षा जास्त लोक आले होते, तरुण पोरंही, मार्थाचं नाव छातीवर लावून. कुणीतरी ट्रेव्हरला पहिल्या रांगेत बसवायला निघालं, तो कसाबसा दुसरीत बसला, नेमका ग्लेनिसच्या मागं. तिच्या टोपीचा एक धागा सुटला होता. कॉलिननं माइक तोंडाला इतका जवळ धरला होता की शिट्ट्या वाजत होत्या. "मं-डळी," तो सुटं सुटं बोलत होता, सगळं ट्रेव्हरसाठी, "आजची सभा आपण एका सभासदाच्या हक्कासाठी बोलावलीय. ट्रेव्हर, मला तुम्हाला एकच प्रश्न..."

ग्लेनिस उठली. "अध्यक्ष, त्याला काही विचारू नका. पुन्हा सभा घ्यायची मागणी माझी होती. मी ती मागे घेते."

"मागे? म्हणजे?"

"म्हणजे मागे. घेता येते. नियम बघा हवं तर."

"पण कारण काय सांगू, ग्लेनिस?"

"कारण माझं आहे," ती म्हणाली आणि बसली. खोलीत गलका उडाला. तरुण पोरांपैकी एक ओरडला, "हे काय चाललंय? विकत घेतलं वाटतं म्हातारीला!" आणि जन्मात कुणाकडून मिंधी न झालेली ती बाई समोर बघत बसून राहिली. टॅमसिन पायावर पाय टाकून फोनवर काहीतरी लिहीत होती. कॉलिननं दोनतीनदा चष्मा काढला, घातला. "ठीक आहे. मग गुरुवारचा निर्णय कायम. नाव बाद. पुढचा विषय, ग्रंथालयाच्या वेळा."

तेव्हा ट्रेव्हरचा हात वर गेला. कुठल्या जोरावर गेला ते त्यालाच कळलं नाही; गेला तो सरळ, दंड कानाला टेकवून, पूर्वी कारखान्याच्या फाटकावर संपाला मत देताना हजारो माणसांत जात असे तसा. तो उभा राहिला. "मी अनुमोदन देतो," तो म्हणाला. "मार्था किन्सेला. माझं अनुमोदन."

सगळे वळले. त्या सगळ्या चेहऱ्यांवर तीच, बेकरीतली दया होती. "ट्रे-व्हर," कॉलिन माइकमधून कळवळून म्हणाला, "ते झालं. मागणी मागे घेतली. मा-गे! तुम्हाला ऐकू नाही आलं." कुणीतरी त्याच्या बाहीला धरून प्रेमानं खाली ओढायला लागलं, मागं एक बाई म्हणाली, "राहू दे रे, बसू दे त्याला सावकाश." "मला ऐकू आलं होतं," ट्रेव्हर म्हणाला, "गुरुवारीसुद्धा आलं होतं," आणि कॉलिन मान डोलावत "हो हो, हो हो" करत राहिला, आपण वेड्यावाकड्या उत्तराला करतो तसा. हात अजून वर होता. खाली घेतला तर सगळंच संपणार होतं म्हणून तो वर होता.

ग्लेनिस वळली नाही. समोर निशाणाकडं बघत, ओठ जेमतेम हलवून, शेजारच्यालाही ऐकू जाणार नाही इतक्या हळू ती म्हणाली, "हात खाली घे, ट्रेव्ह."

त्यानं हात खाली घेतला.